आईचा पाय आणि खारफुटीचा अर्क

नणंद असूनही सांगते, आमची वहिनी लाखात एक आहे. फक्त तिच्याशी बोलायचं म्हणजे कातडी जाड हवी. खारफुटीची साल वाळवून कुटायची, तिचा अर्क काढायचा आणि तो जंतूंवर घालून बघायचा, हे तिचं लॅबमधलं काम. जेवतानाही विषय जंतूंचाच. दादा बिचारा मान खाली घालून जेवतो.

मधुमेह असलेल्या आमच्या आईच्या तळपायाला जखम झाली आणि काही केल्या भरेना. अशीच चिघळली तर बोटं काढावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले. आईने धसकाच घेतला. त्यातच एक दिवस वहिनी खुशीत घरी आली. असल्याच जखमेतले जंतू तिच्या अर्काने काचेच्या बशीत साफ मारले होते. आईने कान टवकारले. थोडा आण की माझ्यासाठी, म्हणाली. वहिनीने चक्क नाही म्हटलं. अजून कच्चं काम आहे, म्हणे. जगाच्या जखमा हिला दिसतात, सासूची दिसत नाही, असं म्हणून आईने अबोला धरला.

मग दादाने अक्कल पाजळली. एरवी हूं की चूं न करणारा माणूस, बायकोला न सांगता खाडीवर जाऊन खारफुटीची साल तासून आला. मोठ्या पातेल्यात उकळून घमेल्यात ओतली. आई पट्टी सोडून त्यात पाय बुडवणार, तेवढ्यात वहिनी दारात. तिने सरळ ते घमेलं उचलून मोरीत उपडं केलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर त्या क्षणी वहिनीचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने आईला रिक्षात घालून लॅबमध्ये नेलं. मीही गेले. एका बशीत जंतू मेलेले. दुसरीत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवलेल्या, त्यांवरही तोच अर्क घातलेला. सूक्ष्मदर्शकातून आईने पाहिलं, तर त्याही सुरकुतून मेलेल्या.

"ह्याला अजून जंतू आणि माणूस यांतला फरक कळत नाही, आई," वहिनी म्हणाली. "तुमचा पाय मी ह्याच्या हवाली नाही करणार."

दुसऱ्या दिवसापासून आई निमूटपणे दवाखान्यात ड्रेसिंगला जायला लागली, वहिनीचा हात धरून. साधीच औषधं, पथ्य आणि वहिनीची बोलणी. जखम सावकाश भरली, बोटं वाचली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

लॅबमध्ये वहिनी अर्काचे वेगवेगळे भाग करून एकेक तपासत होती. बरेचसे वाया गेले. एका दुपारी तिचा फोन आला, तोही आईला. आईने तो मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, एका भागाने जंतू मारले आणि पेशी जगल्या."

माणसांच्या पायाला कधी लावणार, आईने लगेच विचारलं. आधी उंदरांवर, मग माणसांवर, बरीच वर्षं लागतील, मध्येच फसूही शकतं, वहिनीने सांगून टाकलं.

"मी असेन का गं तोवर?"

आईने आपल्या पायावरून हात फिरवला.

"माझ्यासाठी घाई करू नकोस," ती म्हणाली. "नीट कर."