यशवंतरावांचे घाटरस्ते

कुठे जायचं हे यशवंतराव आधी ठरवत नसत. आधी रस्ता ठरवत, आणि त्या रस्त्याच्या टोकाला जे गाव असेल तिथे त्यांचं काहीतरी काम निघे. त्यांच्या खोलीत जिल्ह्याचा एक जुना नकाशा होता. त्यावर आंबा, बावडा, फोंडा, आंबोली असे सगळे घाट लाल पेन्सिलीनं गिरवलेले होते. रविवारी त्यांची मोटारसायकल यांपैकीच एखाद्या घाटाला लागे. जयसिंगपूरकडच्या सपाट रस्त्यावर मात्र ती कधी गेली नाही. तिकडचं काम निघालं की म्हणत, "तिकडं एस.टी. जाती की."

मी कोल्हापुरात मास्तर म्हणून नवा आलो तेव्हा ते माझे शेजारी होते. महायुद्धात ते लष्कराचे निरोप मोटारसायकलवरून पोचवत. परतल्यावर उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर झाले आणि लिलावात निघालेली एक लष्करी गाडी घेऊन तिला त्यांनी पुन्हा चालती केली. वळणांच्या रस्त्यांचं हे वेड कशापायी, ते मला कधी नीट कळलं नाही. कारखान्यात ते सांगत, "वळणावर टायर दोन्ही अंगांनी सारखा झिजतो." त्यांच्या बायकोला, पार्वतीवहिनींना, सांगत की घाटात हवा गार, इंजिन तापत नाही. मला म्हणाले, "मास्तर, डोंगर बघायला मिळतो, आणि काय पायजे?" तिन्ही कारणं ते सारख्याच ठाम आवाजात सांगत.

माझी बायको सुमन पहिल्या बाळंतपणासाठी सावंतवाडीला माहेरी गेली होती. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शाळेत तार आली. 'ताबडतोब निघा' एवढंच. काय झालंय, कुणाला झालंय, काही नाही. सावंतवाडीची एस.टी. निघून गेलेली. मी घरी येऊन पिशवी हातात घेऊन नुसताच उभा होतो. यशवंतराव त्या दिवशी रजेवर होते. तार त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बसा मागं."

जवळचा रस्ता कागल, निपाणी, आजरा करत आंबोलीवरून उतरणारा. निपाणीपर्यंत तर सरळसोट. यशवंतरावांनी गाडी रंकाळ्याकडे वळवली. म्हणजे राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. पंधरा-वीस मैलांचा फेरा. मी त्यांच्या कानाशी ओरडलो की रस्ता चुकलात. ते एवढंच म्हणाले, "चुकलो न्हाई."

फोंड्याच्या घाटात एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. "उतरा. खाली बघा जरा."

खाली सगळं कोकण पसरलं होतं. मला संताप अनावर झाला. "तिकडे माझी बायको आहे की गेली मला ठाऊक नाही, आणि तुम्ही मला डोंगर दाखवताय?"

"बघा म्हंतो. पाणी प्या."

मी प्यालो. दहा मिनिटांनी त्यांनी गाडी सुरू केली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. सुमन शुद्धीवर होती. तिला काही झालं नव्हतं. आदल्या रात्री मुलगी झाली होती, फार अशक्त. सासरे म्हणाले, "साडेपाचला गेली. तुमच्यासाठी ठेवलीय." त्यांनी दुपटं बाजूला केलं. मी तिचा चेहरा पाहिला, आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात मैलांचा हिशेब चालला होता. यशवंतराव अंगणात उभे होते. रात्री ते जेवले नाहीत आणि सकाळी न सांगता परत गेले.

पुढे चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. सुमन परत आल्यावर पार्वतीवहिनींकडे जायची, मला ते आवडायचं नाही. शेवटी एकदा नळावर ते समोर आले तेव्हा मी विचारलं, "कागलवरून गेलो असतो तर मुलगी मला जिवंत दिसली असती का?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "दिसली असती, मास्तर. बहुतेक दिसली असती."

मग तिथेच उभ्यानं त्यांनी सांगितलं. इटलीत लढाई संपल्यावरची गोष्ट. मागे बाळू बसलेला, त्यांच्याच गावचा, नेसरीचा. रजा मंजूर झाल्याचा कागद त्याच्या खिशात होता. "रस्ता असा सरळ, दोरी धरल्यागत. दोन रात्री झोपलो नव्हतो. मला डुलकी लागली. डोळं उघडलं तर गाडी शेतात, आन् बाळू नाल्यात. त्याच्या आईला मी सांगितलं, गोळी लागली. तवापास्नं सरळ रस्त्यावर गाडी घातली की मला झोप येती. वळणावर येत न्हाई."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर माझ्या मागं बसला असता?"

बसलो असतो की नसतो, मला आजही सांगता येत नाही.

"आणि घाटात का थांबवलीत?"

"तुमचं अंग लाकडागत झालतं. वळणाला गाडीसंगं झुकत नव्हता तुम्ही. आणखी दोन वळणं तसंच गेलो असतो तर दोघंबी दरीत."

माझा राग गेला असं म्हणवत नाही. तो कुणावर धरायचा हे कळेनासं झालं, एवढं खरं. आमचं बोलणं सुरू झालं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते म्हणाले, "नेसरीला जाऊन येतो. बाळूची आई अजून हाय. एस.टी.नं जाऊया, तुम्ही संगं चला."

निपाणीपर्यंतचा सरळ रस्ता. ते झोपतील म्हणून मी खिडकीची जागा त्यांना दिली होती. ते समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरून, डोळे ताणून, रस्त्याकडे पाहत बसले. पापणी लवली नाही. निपाणी सोडून गाडी तवंदीच्या घाटाला लागली, पहिलं वळण आलं, आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. घाट संपेपर्यंत ते गाढ झोपले होते. म्हणजे सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट. नळावर ऐकलेलं खरं मानायचं की हे, मला उमगेना. मी खांदा हलवला नाही.

नेसरीत बाळूच्या घरी ते एकटेच आत गेले. मी बाहेर चिंचेखाली थांबलो. आतून मोठ्यानं बोलल्याचा, रडल्याचा, कसलाच आवाज आला नाही. अर्ध्या तासानं दार उघडलं. यशवंतराव उंबऱ्यात खाली मान घालून उभे होते आणि त्यांच्या मागे एक वाकलेली म्हातारी. त्यांनी तिला खरं सांगितलं की नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून कळेना आणि तिच्याही नाही. पुढे ते वारले तोवर मी कधी विचारलं नाही.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, उन्हात का हुबं? आत या की. ह्यो पण जेवूनच जाणार हाय."