बाची हजेरी

बा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला आला, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, "चौकी कुठंशी हाय?" मी चहा टाकत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आम्ही दापोलीकडचे कातकरी, जुनी माणसं काथोडी म्हणतात. खैराच्या लाकडापासून कात करायचा हा आमचा धंदा. इंग्रजांनी जंगल सरकारी केलं, त्याबरोबर खैर तोडणारा चोर झाला, आणि मग सगळी जातच चोर ठरली. गाव सोडताना पाटलाला सांगायचं, दुसरीकडे पोचलं की तिथल्या पोलीस चौकीत तोंड दाखवायचं, असा कायदाच होता. बा जन्मला तोवर तो कायदा गेलाही होता, पण माझ्या आज्याला ते कुणी येऊन सांगितलं नाही. त्याने बाला शिकवलं, आधी हजेरी, मग भाकरी. मी नर्स झाले, मांडवीला खोली घेतली, आणि असलं सगळं मागे टाकलं असं समजून राहिले.

"बा, आता तसं काही नसतं. आपणहून गेलास तर उलट संशय घेतील," मी म्हटलं. त्याने मान हलवली, चहा प्याला आणि बंदरावर जाऊन समुद्र बघून आला. मला वाटलं, पटलं.

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर अंथरुणाची घडी घातलेली आणि बा नाही. अंगणात घरमालकीण शेजारणीला सांगत होती, "बंदरावरनं होडीचं इंजिन गेलं हो रात्री. बाहेरच्या माणसांवर नजर ठेवायला हवी." माझी पाचावर धारण बसली. ओल्या केसांनीच धावत सुटले.

चौकीत बाकडं असून बा खाली उकिडवा बसला होता, हात जोडून. समोरचा शिपाई तरुण होता, बोलायला चांगला होता.

"आजोबा, तक्रार काय आहे?"

"तक्रार नाय, सायेब. आलोय त्ये सांगाया आलोय."

"कोण तुम्ही?"

"काथोडी."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या हवालदाराने पेपर खाली ठेवला. "काल बंदरावर गेला होतात?"

नाही म्हण, बा. उंबऱ्यावर उभी राहून मी मनातल्या मनात ओरडत होते. नाही म्हण.

"गेलतो की. समुद्र बघाया."

"बसा जरा."

आज्यालाही एकदा असंच 'बस जरा' म्हणून बसवलं होतं. परत आला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं, हे बा आम्हाला जेवताना सांगायचा, मीठ कमी आहे म्हणावं तसं. दवाखान्यात दंगा करणाऱ्या नातेवाइकांना मी एका शब्दात गप्प करते. इथे 'मी यांची मुलगी' एवढंसुद्धा तोंडातून निघेना. बा शिपायाला हळू आवाजात काहीतरी सांगत होता, मला ऐकू येत नव्हतं.

फोन वाजला. इंजिन चोरीला गेलंच नव्हतं, होडीच्या भागीदारानेच दुरुस्तीला नेलं होतं. हवालदाराने पुन्हा पेपर उचलला. "जा आजोबा. उगाच कशाला येता?" झालं. माफी मागायला कुणी काही केलंच कुठे होतं!

रस्त्यावर आल्यावर मी बावर तुटून पडले. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, कळतंय? फोन आला नसता तर?"

बा निवांत होता. ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. "आता भ्याव नाय. तुजीपन दिलीय हजेरी, खोली कुठं त्येपन सांगितलं. इतकी वर्सं तशीच ऱ्हायलीस, बाय माजे. तुला झोप लागायची कशी?"

ऑपरेशन झालं, बा घरी गेला. गेल्या आठवड्यात मी त्याला भेटायला निघाले. पिशवी खांद्याला होती, आणि चौकीपाशी माझे पाय अडले. जातेय म्हणून सांगावं का? आत गेले नाही. पण एसटी सुटली तरी मी मागच्या काचेतून बघत होते, कुणी येतंय का.