गुणगुण नको, रडणं हवं

आमच्या मावशीनं रागाच्या भरात आपली पेडल स्टील गिटार तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकली, अशी बातमी अख्ख्या इमारतीत पसरली आहे. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई तर हातवारे करून सांगतात, "माझ्या डोळ्यांदेखत आली हो, पंख्यासारखी गरगरत!"

साफ खोटं. गिटार जिन्यानंच खाली आणली होती, अगदी तान्ह्या बाळासारखी. शेवटच्या पायरीवर काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, हातून गिटारच्या पेटीचं टोक सुटलं, एवढंच. धाडकन आवाज झाला तो पेटीचा, आणि त्याच्या मागून आला तो मावशीचा. रागाची गोष्ट मात्र खरी आहे. त्या दिवसांत मावशी म्हणजे दोन पायांवर चालणारी उकळती किटली होती.

कारण पिकअप. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती टेबलासारखी चार पायांवर आडवी असते. वर दहा तारा, डाव्या हातात त्यांच्यावरून फिरवायचा पोलादी दांडा, खाली पायानं दाबायची पेडलं. तारांच्या खाली असतो तो पिकअप: चुंबकांभोवती केसाहून बारीक तार गुंडाळलेला लांबट तुकडा. तार थरथरली की तो त्या थरथरण्याची वीज करून स्पीकरकडे धाडतो. मावशीचा पिकअप जुना. गायचा झकास, पण गाणं थांबलं की घूंऽऽऽ करत बसायचा, बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा.

मावशी दिवसा एका लॅबमध्ये कवळ्या बनवते आणि शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये मास्तरांच्या बँडमध्ये वाजवते. आठवडाभर लोकांचे दात जुळवायचे ते त्या एका संध्याकाळच्या जिवावर. आणि नेमकं तिथेच मास्तरांनी तिला बाजूला घेतलं.

"म्हणजे कसं आहे ताई, मला वाईटपणा घ्यायचा नाही. पण पुढच्या महिन्यात ही गुणगुण ऐकू आली, तर तुमच्या जागी माझा मेव्हणा. म्हणजे कसं आहे, त्याच्या कीबोर्डात स्टील गिटारचं बटण आहे."

बटण! मावशी घरी पोचेपर्यंत दातओठ खात होती.

पहिला नवा पिकअप दुकानदारानं डोळे मिटून दिला. "मॅडम, हा डोळे झाकून घ्या." मावशीनं घेतला, आणि तिथेच चुकलं. घरी दहाही तारा सैल केल्या, जुना काढला, वायरींना कथलाचे डाग दिले, पुन्हा तारा सुरात लावल्या, आणि पहिली नि शेवटची तार आजाऱ्यासारखी कण्हायला लागली. पिकअप अरुंद होता. कडेच्या तारा त्याच्या चुंबकांबाहेर लोंबत होत्या.

"कवळीसुद्धा माप घेऊन करतात म्हणे," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"अहो, तुम्ही वाचा."

दुसरा मापाचा होता, दुहेरी गुंडाळीचा. दोन गुंडाळ्या एकमेकींची गुणगुण खाऊन टाकतात. खरंच खाल्ली. पण त्याबरोबर गाणंही खाल्लं. सूर असे यायचे की जणू कुणी तोंडावर उशी धरून रडतंय. तिसरा इतका कडक की काकांनी दोनदा उठून स्वयंपाकघरात पाहिलं, कुठली ताटली फुटली म्हणून.

सगळ्यात छळ हा की तुलना करता येईना. एक काढून दुसरा जोडून तारा लावेपर्यंत आधीचा आवाज कानातून पार उडालेला. फोनवर रेकॉर्ड केलं, तर त्या टिनपाटात तिघेही सख्खे भाऊ.

"अगं, तिघांत थोडा बरा कुठला?" काकांनी विचारलं.

"आंधळ्याला विचारताय, कुठला रंग गोरा!"

शेवटी गुणगुण तरी नाही म्हणून तो उशीवाला घेऊन ती तालमीला गेली. संथ गाणं सुरू झालं. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"म्हणजे कसं आहे ताई, ते रडणं कुठं गेलं?"

"मास्तर, ते गुणगुणीबरोबर गेलं."

"छे छे. गुणगुण नको, पण रडणं हवं. त्याशिवाय या गाण्यात आहे काय? तो मेव्हण्याचा कीबोर्ड सर्दी झालेल्या मांजरासारखा वाजतो, हे मलाही कळतं."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येऊन मावशीनं जुनाच पिकअप परत बसवला. इतक्या वेळा डाग देऊन तिची बोटं पोळली होती. मग फ्रिज बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, काकांचा रेडिओ बंद केला. घूंऽऽऽ चालूच. वरच्यांच्या मिक्सरवर संशय आला, तेव्हा ती म्हणाली, "खाली आवारात नेते." ती गिटार जिन्यानं खाली आली ती अशी. पेटी आपटली, मावशी ओरडली, शिंपीणबाईंच्या दुकानातून लांब वायर आणून जोडणी झाली.

आणि आवारात चिडीचूप. तोच जुना पिकअप, तेच वाद्य, आणि गाणं थांबलं की खरोखरच थांबलं.

मावशी तिथेच स्टुलावर बसली. "एवढे दिवस मी औषधं बदलतेय," ती म्हणाली, "आणि आजार भिंतीतल्या वायरींत."

तिनं मास्तरांना फोन लावला. पलीकडचं आम्हालाही ऐकू आलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं! म्हणजे कसं आहे ताई..."

"मास्तर, अंगण वाकडंच आहे. उद्या दाखवते."

हॉलमधली मावशीची जागा मागे, पडद्याशेजारी. तिथल्याच भिंतीवर दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा मोठा लोखंडी डबा. तिथे तिनं तार छेडून सोडली. घूंऽऽऽ. मी आणि काकांनी गिटार दोन पावलं सरकवली. घूंऽ. अजून सरकवली. ढोलवाल्याच्या बाजूला कमी, खांबापाशी पुन्हा जास्त. आणि स्टेजच्या अगदी पुढे, मधोमध, जिथे मास्तर रुबाबात उभे राहून काठी हलवतात, तिथे शून्य.

मास्तर अजून यायचे होते. मी म्हटलं, "मावशी, ते मेले तरी ही जागा सोडणार नाहीत."

"आपण होऊन सोडतील. लावतेस पैज?"

"लावते!"

"हरलीस तर शनिवारी काकांबरोबर सगळ्यांसमोर नाचायचं."

मास्तर आले, आपल्या जागेवर टेबलासारखं काहीतरी पाहून भुवया चढवल्या. मावशी स्टुलावर बसली. तिनं ते संथ गाणं धरलं, शेवटचा सूर रडत रडत खाली आणला आणि हात उचलला. त्यामागे काहीच उरलं नाही. मास्तर मान वाकडी करून ऐकत राहिले. डबकं संपून कोरडी जमीन लागावी तसे दोनदा पाय आपटून पाहिले, मग स्वतःचा नोटेशनचा स्टँड उचलून पडद्याशेजारी त्या डब्यापाशी नेऊन ठेवला.

"म्हणजे कसं आहे," ते म्हणाले, "माझी काठी काही गुणगुणत नाही."

शनिवारी हॉल भरलेला होता, माझ्या वर्गातल्या दोघीजणींसकट. काका बसडेपोतल्या कामावरचे जाड बूट घालून आले आणि पहिल्याच गिरकीत माझ्या पायावर चढले. मावशी स्टेजच्या मधोमध, मान खाली घालून वाजवत होती. सूर विरला की मी कान देऊन ऐकत होते. गुणगुण औषधालासुद्धा नव्हती. फक्त काका मोठ्यानं मोजत होते, "एक, दोन, तीन... एक, दोन, तीन..." आणि तेही चुकीचं.