मावशींच्या पाकिटावरचं सील

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडील सोडून मी आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींचं नाव घेतो.

अंबरनाथला आमची एकच खोली होती आणि आम्ही सहा जण. वडील कंपनीत पाळीवर. ते रात्रपाळी करून पहाटे येत आणि आडवे होत, मग दिवा लावायची सोय नसे. दहावीच्या वर्षी एकदा मी शाळेच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलो होतो. मावशी बेलवलीहून सकाळच्या गाडीने येत. त्यांनी मला पाहिलं.

"घरी जागा नाय का?"

"वडील झोपलेत."

"मंग हितं डास मारत बसणार?"

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवसापासून एक वर्ग मला पावणेसहाला उघडा मिळू लागला, आणि बारावी होईपर्यंत मिळत राहिला. पुढे काही वर्षांनी, मी पदवी घेतल्यावर पेढे द्यायला शाळेत गेलो, तेव्हा कारकून बाई बोलता बोलता म्हणाल्या की मावशींची ड्युटी साडेसहाची होती. म्हणजे रोज पाऊण तास आधी त्या फक्त माझ्यासाठी येत होत्या. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. त्या पदवीत तो पाऊण तास किती आहे, ते माझं मला माहीत.

आमची शाळा बोर्डाचं परीक्षा केंद्र होती. पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापडात शिवायचे आणि शिवणीवर लाखेचं सील मारायचं काम मावशींकडे. त्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसत. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायच्या, लाल थेंब शिवणीवर पडू द्यायच्या, मग पितळी शिक्का ओल्या फडक्यावर टेकवून वर दाबायच्या. लाखेचा तो जळका, गोडसर वास व्हरांड्याभर पसरे. बीजगणिताच्या पेपरला प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गात आलं आणि ते सीलबंद आहे याची साक्ष म्हणून दोन मुलांच्या सह्या घेतल्या, त्यात एक माझी होती. नंतर मी मावशींना मोठ्या तोऱ्यात ते सांगितलं.

"मंग बरोबर," त्या म्हणाल्या. "सील लावायला एक माणूस पुरतो. फोडायला साक्षीदार लागतात, वेळ लिवावी लागते. आमचं काम लावायचं. फोडायचा अधिकार शिपायाला नसतो."

आज मी एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत काम करतो. पत्रांवर मेणाचं सील लावण्याचा नाद मला दोन वर्षांपूर्वी लागला, तोही एका लग्नपत्रिकेमुळे. मित्राची पत्रिका आली, तिच्यावर मेणाचा गोल सोनेरी ठसा होता. मी तो नखाने उचलून पाहिला, तर मागे चिकटपट्टी. तयार सील, स्टिकरसारखं. मला उगाच फसवल्यासारखं वाटलं. मग उल्हासनगरला पत्रिकांच्या दुकानात खरं सामान शोधायला गेलो.

दुकानदार काका सिंधी. त्यांनी विचारलं, "शादी किसकी है?"

"शादी नाही, काका. चिठ्ठी पाठवायचीय."

"चिठ्ठी?" त्यांनी चष्मा वर केला. "किसको, कलेक्टर को?"

"मित्रांना."

"साईं, मित्रांना व्हॉट्सअ‍ॅप करतात," ते म्हणाले, पण मागच्या फडताळातून डबा काढून दिला. मेणाचे लाल मणी, लाकडी मुठीचा छोटा चमचा आणि शिक्के. शिक्क्यांत गुलाब होता, बदाम होता, इंग्रजी अक्षरं होती आणि एक घुबड होतं. घुबड मी परत डब्यात ठेवलं. आमच्याकडे कुणाला घुबडाचा शिक्का पाठवला असता तर लोकांनी फोन करून विचारलं असतं, आमचं काय चुकलं. मी पानाचा शिक्का घेतला.

पहिले काही दिवस सगळं बिघडत होतं. मेण जास्त तापलं की कागदावर पसरे, कमी तापलं की गोळा होई. शिक्का मेणाला चिकटे आणि उचलताना अर्धं सील घेऊनच वर येई. रसायनशास्त्राचा पदवीधर असून मला मेण वितळवता येत नाही, यावर बायकोने मनमुराद हसून घेतलं. तो चमचा मी मोडल्यावर फोडणीची पळी नेली, तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं.

"पळी परत मिळेल, की आता आमटीला पण सील लागणार?"

चिकटण्याचं काही सुचेना. आणि एका रविवारी सकाळी मेण तापवताना मला ते ओलं फडकं आठवलं. वाटीत फडकं भिजवून ठेवलं, शिक्का त्यावर टेकवला, पुसला आणि दाबला. दहापर्यंत आकडे मोजले. शिक्का अलगद सुटला आणि खाली पान उमटलं, शिरांसकट. मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे, पण आत काय लिहिलंयस ते सांग." तोवर आत लिहायचं मी विसरलोच होतो.

त्या दिवाळीला मित्रांना पत्रं पाठवली. टपालातल्या दणक्यांनी निम्मी सीलं फुटली. एकाने पाकिटातल्या लाल चुऱ्याचा फोटो पाठवून विचारलं, "तिखट पाठवलंस का?" मग मी मऊ मेण आणलं आणि सीलबंद पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालून पाठवायला शिकलो. हळूहळू उलट पत्रंही येऊ लागली. आळशी म्हणून ठरलेल्या माणसांनी चार-चार पानं लिहिली. सील लावायचं म्हटलं की आत दोन ओळी लिहून भागत नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

यंदा आम्ही सोनिवलीला घर घेतलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गृहप्रवेश रविवारी सकाळी ठरला, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. नव्या घराचं कुलूप पहिल्यांदा मावशींनी उघडायचं.

अडचण मला ठाऊक होती. मावशी विधवा आहेत. शाळेत हळदीकुंकू असलं की त्या चहाचा ट्रे आत ठेवत आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसत. कुणी जा म्हटलेलं नसे, कुणी थांबाही म्हटलेलं नसे. मी आईला विचारलं. आई डाळ निवडता निवडता म्हणाली, "कुलूप उघडायला त्यांच्याइतकी सवय कुणाला आहे? पण त्या यायच्या नाहीत बघ."

म्हणून मी फोन केला नाही. फोनवर त्या पटकन "नको" म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. दुसरंही कारण होतं. शाळेत आलेली सगळी पत्रं त्यांनी वर्षानुवर्षं सही करून घेतली, पण एकदा त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या नावानं लाइट बिल सोडून काय आलं नाय कधी." मी पत्र लिहिलं, नव्या घराची किल्ली पुठ्ठ्याला चिकटवून सोबत घातली, पाकिटावर पानाचं सील लावलं, ते दुसऱ्या पाकिटात ठेवलं आणि स्पीड पोस्टाने बेलवलीला पाठवलं.

गुरुवारी त्यांचाच फोन आला.

"मिळालं तुझं पाकीट. पोस्टमन दारात आला, माझ्या नावाची सही घेतली त्यानं."

"बरं झालं, मावशी. मग?"

"मंग काय. झ्याक दिसतंय. देवापाशी ठेवलंय. जेवलास का?"

पुढे सूनबाईचं, गुडघ्याचं, टाकीच्या पाण्याचं बोलल्या. कुलपाचं नाव नाही, रविवारचं नाव नाही. मला वाटलं, हाच त्यांचा नकार. तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून विषय टाळतायत. शुक्रवार मी कसाबसा काढला. बायको म्हणाली, "विचार ना सरळ." पण त्यांना पुन्हा व्हरांड्यात बसवल्यासारखं होईल, या भीतीने विचारवेना.

शनिवारी सकाळी मात्र राहवलं नाही. बेलवलीला गेलो. मावशी दारात मेथी निवडत होत्या. आत देवाच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं माझं पाकीट होतं. सील जसंच्या तसं.

"मावशी, तुम्ही उघडलंच नाही?"

"मी कशी उघडणार?" त्या माझ्याकडे असं बघू लागल्या, जणू मी कॉपी करताना सापडलो होतो. "सील हाय त्याला. आत हाताला काय कडक लागतंय, मंग मोलाचं असणार. तू येशील, साक्षीदार बोलवू, मंग फोडू, म्हणून ठेवलंय. एवढा शिकलास आणि नियम विसरलास?"

मी खाली बसलो आणि हसायला लागलो. मग त्यांची सून हसायला लागली. ती म्हणाली, "मी तीन दिवस सांगतेय, आई, उघडा. तर म्हणतात, तुला काय कळतं, तू केंद्रावर होतीस का?"

सूनबाई आणि शेजारच्या काकू, असे दोन साक्षीदार ठरले. मी सहीला पुढे झालो तर मावशींनी हात आडवा केला. "तू पाठवणारा. तुला साक्षीदार व्हता येत नाय." पाकिटाच्या मागे सूनबाईने लिहिलं, सील शाबूत, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. खाली दोन सह्या. काकूंनी विचारलं, "पेपर कसला आहे?" मावशी म्हणाल्या, "गप ऱ्हा, परीक्षेत बोलायचं नसतं."

"आता फोडा," मी म्हणालो. "आज केंद्रसंचालक तुम्ही."

त्यांनी पदराला हात पुसले, पाकीट पुढून-मागून पाहिलं. सीलवरून अंगठा फिरवला. "ओल्या फडक्यावर टेकवलास ना?" मी हो म्हणालो. मग त्यांनी कात्री मागवली आणि पाकिटाची कड कापली. सील त्यांनी मोडलं नाही ते नाहीच. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. पत्र त्यांनी स्वतः वाचलं, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून, आणि शेवटाला आल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली.

वाचून झाल्यावर त्यांनी किल्ली पुठ्ठ्यावरून सोडवली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सात."

"मंग मी पावणेसहाला येते."

आणि रविवारी त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

ती. मावशींना सा. न.

तुमच्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र असेल, तर ते माझं आहे याचा मला आनंद आहे.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सोनिवलीच्या नव्या घरात जाणार आहोत. सोबत किल्ली ठेवली आहे. कुलूप तुम्ही उघडायचं. तुमच्या आधी त्या दारातून कुणी आत जाणार नाही, मी नाही आणि आईही नाही. आईला विचारूनच हे लिहितो आहे.

तुम्ही म्हणाल, असल्या कामात मी कशी पुढे होऊ. मावशी, तीन वर्षं रोज सकाळी तुम्ही माझ्यासाठी दार उघडलंत. त्यात काही वाईट झालं असतं तर मी आज घर घेतलं नसतं.

या घरात एक खोली मुलांच्या अभ्यासाची ठेवली आहे. तिला दिवा वेगळा आहे. तो लावला तर कुणाची झोपमोड होत नाही.

तुम्ही व्हरांड्यात बसायचं नाही. या घराला व्हरांडा नाहीच, मुद्दाम बघून घेतलं आहे.

तुमचा,
पावणेसहाचा विद्यार्थी