पंख्यातले तीन धागे

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका मोटारीचं ऐकत उभी होती. धक्क्याच्या टोकाला पत्र्याचं दुकान, दुकानासमोर पाण्यानं भरलेलं पिंप, आणि पिंपाच्या काठाला होडीची एक छोटी मोटार अडकवून सुरू केलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिनं मोटारीच्या अंगाला टेकवलं होतं आणि त्याची लाकडी मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटलेले. मोटारीचा मालक शेजारी उभा राहून तक्रारींचा पाढा वाचत होता. सकाळी बरी चालते, दुपारी खोकते, परवा तर चक्क मधेच बसली.

डोळे न उघडता ती म्हणाली, "काका, दोघांनी एकदम बोलू नका. आधी तिचं ऐकते, मग तुमचं."

मला हसू आलं. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, घर खायला उठलं होतं, म्हणून मी सकाळी पाय नेतील तिकडे जात असे. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "सर! तुम्ही इकडे कुठे?"

मी काही तिला ओळखलं नाही.

"सातवी ब," ती म्हणाली. "खिडकीकडचा शेवटचा बाक. पाचवीपासून तीन वर्षं तुमच्या वर्गात होते मी."

आपण एकाही विद्यार्थ्याचा चेहरा विसरत नाही, असं मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. मी ओशाळलो. तिनंच मला सोडवलं. "तुमची काय चूक, सर? मी तेव्हा तोंडच उघडत नव्हते." मग काकांकडे वळून तिनं निकाल दिला, "बेअरिंग गेलंय. बाकी तुमच्या मोटारीला काही झालेलं नाही, तुम्हीच तिला घाबरवताय."

त्या दिवसापासून मी रोज वर्तमानपत्र घेऊन तिच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसू लागलो.

धक्क्यावर सगळे तिला मिस्त्रीण म्हणतात. वय बेचाळीस, बांधा ठेंगणा, खांद्यावर कायम एक फडकं. ही विद्या वडिलांची. आबांनी होडीला पहिली मोटार लावली तेव्हा ही दहा वर्षांची होती. ते घराच्या ओट्यावर मोटार उघडून बसायचे आणि तिची आई आतून ओरडायची, "कणकेत पुन्हा स्क्रू सापडला तर तोच वाढीन ताटात!" एके दिवशी आबा बाहेर गेले असताना हिनं कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडला. एक स्प्रिंग उरली. मोटार तरीही सुरू झाली. आबांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत, फक्त म्हणाले, "उरलेली जपून ठेव. देव एक जास्तीची देतो."

तिचा नवरा बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर असतो. दुपारी डबा घेऊन येतो आणि ती जेवेपर्यंत सकाळभरातल्या प्रवाशांच्या गमती सांगतो. ती हूं हूं करते. "आमच्या घरात बोलायचं खातं त्यांच्याकडे," ती मला म्हणाली होती.

तिच्या कामाची एक रीत होती, आणि ती कुणासाठीही मोडत नसे. मालक समोर असल्याशिवाय मोटार उघडायची नाही. जमिनीवर जुनी चादर अंथरायची, निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे क्रमानं मांडायचा, आणि मालकानं शेवटपर्यंत बसून बघायचं. कुणी घाईनं "टाकून जातो, संध्याकाळी नेतो" म्हणालं, की ती म्हणे, "पोराला दवाखान्यात टाकून जाता का? मग बसा."

दोन वर्षांपूर्वी खाडीच्या पलीकडे एक बोट क्लब निघाला. रविवारी सकाळी उजाडलं रे उजाडलं, की तिथून वेगवान बोटी सुटत. खाडीचं तोंड अरुंद, आणि पहाटेपासून आठ वाजेपर्यंत तिथेच धक्क्यावरच्या लोकांची जाळी पडलेली. त्या बोटी भर वेगानं मधून जायच्या. मागे उठलेली लाट लहान होड्यांवर आदळायची, आणि जाळी फाटायची ती वेगळीच. होडीवाले हात वर करून ओरडत, पण ऐकतो कोण? बंदर कचेरीत अर्ज दिला. कचेरीनं तो तीन प्रतींत मागितला. शेवटी पाण्यात खांब रोवून "सावकाश जा" अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात एक बोट त्या पाटीवरच धडकली.

आबांचं वय चौऱ्याहत्तर. एका रविवारी अशीच एक लाट मागून आली आणि त्यांची होडी भरली. मोटार पाण्याखाली गेली. शेजारची होडी येईपर्यंत आबा अर्धा तास होडीच्या काठाला धरून पाण्यात होते. त्यांना काही लागलं नाही. मोटार तर मिस्त्रिणीनं दोन दिवसांत पुन्हा चालती केली. पण आबा परत पाण्यावर गेले नाहीत. होडी अंगणात पालथी पडली. शहरात राहणाऱ्या त्यांच्या दोघा मुलांनी फोनवर ठरवून टाकलं की आता होडी विकायची, या वयात हे धंदे कशाला. नदीच्या वरच्या अंगाचा एक माणूस सोमवारी बघायला येणार होता. आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसते खिडकीत बसून राहत.

"बुडालेली मोटार लगेच उघडून वाळवावी लागते, सर," मिस्त्रीण मला म्हणाली. "पडू दिली की आतून गंज धरते. आबांना आज नववा दिवस."

"त्यांना भीती बसली असेल," मी म्हणालो.

"पाण्याची नाही. ते म्हणतात, पाण्याशी बोलता येतं, या माणसांशी कसं बोलायचं?"

त्याच आठवड्यात गुरुवारी क्लबातला एक गृहस्थ तिच्या दुकानात आला. शहरात त्याचं टाइल्सचं दुकान होतं. चाळिशीचा, कपाळावर गॉगल, बोलायला मोकळा. त्याची मोटार घरघर करत होती, आणि क्लबाचा मेकॅनिक सुट्टीवर होता. धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता ही याला हाकलणार.

तिनं चादर अंथरली. "बसा साहेब."

"मी संध्याकाळी येतो ना."

"बसा."

तो बसला. तिनं आधी खालचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल बशीत घेतलं. तेल दुधासारखं पांढरट निघालं. "पाणी शिरलंय," ती म्हणाली, "आता कुठून शिरलं ते बघू." तिनं मोटारीचा पाण्यात फिरणारा पंखा ओढून काढला. पंख्यामागच्या दांड्यावर नायलॉनच्या दोऱ्याची घट्ट गुंडाळी बसली होती, अंगठ्याएवढी जाड. दोऱ्यानं रबराचं सील कापून टाकलं होतं.

"अरेच्चा! हे काय?"

"तेच बघतेय." तिनं सुरीनं गुंडाळी कापली आणि सावकाश उलगडायला घेतली. त्या दोऱ्यात मधेमधे रंगीत धाग्याच्या गाठी होत्या. हे मला ठाऊक होतं, त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. धक्क्यावरच्या प्रत्येक घराचा एक रंग ठरलेला असतो. जाळं विणताना त्या रंगाचा धागा गाठीत घालतात, म्हणजे जाळी एकमेकांत गुंतली तरी ज्याचं त्याला ओळखता येतं.

तिनं तीन तुकडे चादरीवर ओळीनं मांडले, डावीकडून उजवीकडे, जणू मोटारीचेच भाग.

"हा पिवळा. तो तिकडे टोपी घालून बसलाय, त्याचा. हा निळा माझ्या शेजारच्या वहिनींचा. आणि हा लाल..." तिनं तो तुकडा बोटानं सरळ केला. "हा आमच्या आबांचा."

त्याचा चेहरा उतरला. "मी मुद्दाम नाही केलं हो. खरं सांगतो. जे काय नुकसान असेल ते..."

"ते ज्याचं त्याला विचारा. मोटार मी नीट करून देणार, जेवढी मजुरी सगळ्यांना तेवढीच तुम्हाला. सील मंगळवारी येईल. तोवर तुमचा रविवार मोकळाच आहे. सहा वाजता इथे या. आमच्या आबांच्या होडीतून जाळ्यावर जायचंय."

"मी? कशाला?"

"मोटार उघडताना मालकानं समोर बसावं, हा माझा नियम आहे. जाळं टाकतानाही एकदा बसून बघा."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आबा निघतील असं तर मुळीच नाही. घरी जाऊन तिनं आबांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "आबा, शहरातला एक माणूस जाळं बघायला येतोय. त्याला पोहता येतं का माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या होडीत बसवायला माझा जीव धजत नाही." आबा खिडकीतून उठले. मग म्हणाले, "होडी सुलटी करायला चार माणसं बोलव."

रविवारी सहाला टाइल्सवाला आला, पांढरे बूट घालून. आबांनी बुटांकडे पाहिलं. "काढा ते. मासे हसतील."

होडी गेली. मी आणि मिस्त्रीण धक्क्याच्या टोकाला उभे राहिलो. अंतर बरंच होतं, मला दोन ठिपके दिसत होते. ती मात्र ऐकत होती. "आता कमी केली... आता वळवली... बंद केली. जाळं सोडतायत." चांगला तासभर गेला. मग पलीकडून क्लबाची एक बोट निघाली. तिचा आवाज मलाही ऐकू आला.

होडीत काय झालं ते टाइल्सवाल्यानंच नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. बोट त्याच्या जिवलग मित्राची होती. तिला सरळ येताना पाहून आबांनी दोन्ही हात वर केले. यानंही केले आणि ओरडला, "हळू! अरे हळू!" मित्रानं याला ओळखलं, एवढा आनंदला की त्यानंही हात हलवला, आणि मजा दाखवायला वेग वाढवून अगदी जवळून गेला.

"तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला," टाइल्सवाला म्हणाला. "हे लोक हात वर करायचे ना, आम्हाला वाटायचं टाटा करतायत. दोन वर्षं आम्ही उलट टाटा करत होतो. मी बायकोला सांगायचो, बघ, किती प्रेमळ माणसं आहेत!"

टोपीवाला जागेवरून म्हणाला, "आणि आम्ही म्हणायचो, बघा, वरून हात हलवून चिडवतात मेले."

पण हे हसणं नंतरचं. धक्क्यावर आम्हाला फक्त लाट दिसली आणि होडी दिसेनाशी झाली. मी मिस्त्रिणीचा दंड धरला. ती हलली नाही. लाट गेली, होडी पुन्हा दिसली, तोंड लाटेकडे केलेली.

"वल्ह्यानं वळवली त्यांनी," ती म्हणाली. "आता दोरी ओढतील."

आवाज आला नाही.

"पाणी गेलं असेल गं मोटारीत," मी म्हणालो.

"थोडं गेलं असेल. पहिल्या ओढीला येणार नाही. दुसरीला खोकेल." खरंच लांबून एक खोकल्यासारखा आवाज आला. "आता."

तिसऱ्या ओढीला मोटार सुरू झाली. मिस्त्रिणीनं खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "सर, दंड सोडा आता. दुखतोय."

होडी धक्क्याला लागली. टाइल्सवाला डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, पण आबांच्या आधी उतरून त्यानं दोर धरला. मग म्हणाला, "आबा, तुमच्या जाळ्याचं काय ते सांगा, आजच देतो."

आबा म्हणाले, "जाळं मी विणीन. मला आठ वाजेपर्यंतचं पाणी दे."

त्याच दुपारी तो क्लबात गेला, आणि वर केलेल्या हातांचा अर्थ सगळ्यांना सांगून आला. पुढच्या रविवारी खाडीच्या तोंडाशी बोटी मुंगीच्या पावलानं गेल्या. एकदोघं अजूनही माजतात, नाही असं नाही. पण कधी ना कधी त्यांचाही पंखा अडकतो, आणि मग मिस्त्रीण त्यांना चादरीसमोर बसवून तोंडी परीक्षा घेते. दोन्ही हात वर म्हणजे काय? आठच्या आधी वेग किती? लाट मागे कुठवर जाते? उत्तर चुकलं की मोटार दुसऱ्या दिवशी. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, पण इतका कडक निकाल मी कधी लावला नाही.

टाइल्सवाला जाळ्यावर जाऊन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, होडी बघायला नदीवरचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. अंगणात होडी नव्हती. आबा जाळ्यावरून परतले तेव्हा तो ओट्यावर बसून होता. "चहा घेऊन जा," आबा म्हणाले, "एवढ्या लांबून आलास."

मुलांनी फोनवरून आदळआपट केली. मिस्त्रिणीनं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ठीक आहे, एकटं जाऊ देणार नाही." तो शब्द ती पाळते. बाकीच्या दिवशी शेजारच्या वहिनी बरोबर असतात. सोमवारी दुकान बंद असतं, आणि त्या दिवशी आबांच्या होडीत पुढच्या फळीवर मिस्त्रीण बसते.