चौदावी फटफटी

तात्या खानोलकर नेहमी शेवटी असत. आमच्या फटफटी मंडळाच्या फेरीला चौदा गाड्या निघत, त्यांतली चौदावी तात्यांची. पण हे फेरीपुरतंच नव्हतं. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत. सिनेमा सुटला की सगळं थिएटर रिकामं झाल्यावर उठत आणि उठताना खुर्च्यांखाली वाकून बघत. कुणाची छत्री सापडे, कुणाचा रुमाल. एकदा एका बाईंची कवळी सापडली आणि ती परत करताना तात्यांइतकं संकोचून गेलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. ते म्हणत, "पुढे जातत त्येंचा कायतरी पडताच. मागे एक माणूस होयोच."

वेंगुर्ल्याकडचा हा माणूस अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि जोगेश्वरीला घोडबंदर रस्त्यावरच्या एका चाळीत बायकोसह राहत होता. आमची ओळख झाली तेव्हा मी अंधेरीच्या मैदानात गोल गोल फिरत होतो. लष्कराच्या लिलावातली एक फटफटी मी नुकतीच घेतली होती. विकणाऱ्याने ती चालू कशी करायची ते दाखवलं, थांबवायची कशी तेही दाखवलं. पण दुसरा भाग चालू असताना मी समजल्यासारखी मान हलवत रस्त्याने जाणाऱ्यांकडे बघत होतो. आपल्याला कोण कोण बघतंय हे पाहण्याची मला जन्मजात खोड. तेव्हा आता मी फिरत होतो आणि ओरडत होतो. लोक जमले होते. त्यांतून एक काटकुळा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस पुढे आला आणि माझ्या बरोबरीने चार पावलं धावत शांतपणे विचारता झाला, टाकीत किती आहे? मी म्हटलं, अर्धा गॅलन. तो जाऊन झाडाखाली बसला. पाऊण तासाने गाडी आपोआप थांबली, मी आडवा झालो, तेव्हा तो उठून आला.

"थांबाक येणा नाय, तर चालू कित्याक केलंस?" हे तात्यांचं मला दुसरं वाक्य.

त्यांनीच मला गाडी शिकवली आणि मंडळातही त्यांनीच नेलं. मंडळ म्हणजे पार्ले ते बोरिवलीमधली चौदा माणसं आणि त्यांच्या चौदा म्हाताऱ्या गाड्या. अध्यक्ष प्रधान, पेशाने सॉलिसिटर; त्यांची गाडी सगळ्यांत मोठी आणि गच्चीही, म्हणून सभा तिथे. वर्षाला तीन फेऱ्या ठरलेल्या. दिवाळीनंतर थंडीची, चैत्रात कैरीची आणि श्रावणात भिजकी. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे दहिसरच्या नाक्यावर पोलीस आमच्या पिशव्या हुंगत. तात्यांच्या बाटलीतली सोलकढी एका हवालदाराने संशयाने चाखली आणि मग सगळी संपवली.

फेरीनंतर मंडळाचं दोन पानी वार्तापत्र निघे. मजकूर तात्यांचा, मी हपिसातलं स्टेन्सिल पळवून त्यावर तो कोरत असे. त्यातली 'सभासद-वार्ता' तात्या छापील मराठीत लिहीत, कारण लेखी गोष्ट सरकारी भाषेत हवी असा त्यांचा समज होता. "श्री. प्रधान यांना नात झाली. गाडीचा हॉर्न तूर्त बंद." "श्री. चित्रे यांनी कॅमेरा घेतला आहे. सभासदांनी केस विंचरून यावे." माझ्याबद्दल दर अंकात असे. "श्री. लिमये यांनी म्हशीस धडक दिली. म्हैस सुखरूप." मी पडायचं, आपटायचं, मग गच्चीवर ते रंगवून सांगायचं आणि लोकांनी हसायचं, हे माझं मंडळातलं कामच होऊन बसलं होतं.

मंडळाचा नियम एकच होता, तोही तात्यांचा. रस्ता जिथे वळेल तिथे पुढच्यांतला एक जण उभा राहणार आणि मागून तात्यांचा हात वर झालेला दिसेपर्यंत हलणार नाही. वळणावर माणूस उभा असेल तर वळायचं, नसेल तर सरळ जायचं. तुकडी कितीही लांबली तरी कुणी चुकत नसे. मी एकदा विचारलं, तात्या, पण रस्ता पाठ असेल तर? ते म्हणाले, पाठ असला तरी. बेत बदलला असेल, पुढे कुणी पडला असेल, आपल्याला काय ठाऊक? रस्ता बोलत नाही, वळणावरचा माणूस बोलतो.

त्या वर्षी चैत्राची फेरी घोडबंदरच्या किल्ल्याला होती. मी नवं जाकीट शिवून घेतलं होतं आणि चोरबाजारातून गॉगल आणला होता. तो एका वैमानिकाचा आहे असं दुकानदार म्हणाला, म्हणून मी तो घरातही लावून बसत असे. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि मुलीकडे पाठवायला एक बरा फोटो हवा होता. तेव्हा आदल्या दिवशीच मी चित्र्याला सांगून ठेवलं होतं की किल्ल्यावर मला मध्ये घ्यायचं.

काशीच्या गावापुढे रस्ता उजवीकडे घोडबंदरला वळतो. सरळ जाते ती कच्ची वाट मिठागरांत शिरते. त्या वळणावर प्रधानांनी मला उभं केलं. एकेक गाडी गेली. चित्रे जाताना गळ्यातला कॅमेरा दाखवत ओरडला की लवकर ये, ऊन चढलं की सगळ्यांचे चेहरे काळे येतात. बारा गाड्या मोजल्या. तेरावा मी. तात्या दिसेनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जाकिटात घाम. मनात म्हटलं, तात्यांना घोडबंदरचा रस्ता आपण काय दाखवणार? ते डोळे मिटून येतील. आणि मी निघालो.

किल्ल्यावर मी पोचलो याचाच अर्थ तात्या दिसले, असा आमच्यात हिशेब. तरी प्रधानांनी विचारलं. मी म्हटलं, येतायत मागून. फोटो निघाला. फार छान निघाला. त्यावरच माझं लग्न जमलं. सासऱ्यांनी तो चौकटीत घालून दिला. चौदा माणसांच्या मंडळाच्या त्या फोटोत तेरा माणसं आहेत. कॅमेरा आपोआप चालणारा होता, हे चित्रे अजून अभिमानाने सांगतो.

अर्धा तास झाला, तास झाला, मग आम्ही उलटे फिरलो. वळणावर एक आगरी बाई डोक्यावरची पाटी उतरवून हात करत होती. तिने मिठागराकडे बोट दाखवलं. अर्ध्या मैलावर, बांधाच्या उतारावर तात्या पडले होते आणि त्यांच्या उजव्या पायावर गाडी. तुकडी पुढे निघून गेली असं समजून ते गाठायला म्हणून वेगाने आले आणि बांधावर चाक घसरलं. सायलेन्सर पोटरीला चिकटला होता. मिठागरातल्या बायांना ती गाडी उचलवली नव्हती. त्यांनी पाणी पाजलं होतं आणि दोन काठ्यांवर गोणपाट बांधून त्यांच्या तोंडावर सावली केली होती. सगळीकडे पांढरं मीठ, डोळे उघडवत नव्हते. मी गॉगल काढला नाही, हेही सांगून टाकतो.

तात्यांनी आमच्याकडे बघून ओठ हलवले. ते आम्हांला मोजत होते. मग पिशवीकडे खूण केली. तीत माझ्या डब्याचं झाकण होतं. मालाडला माझ्या गाडीवरून पडलेलं. ते शोधत गटारात उतरले होते, म्हणून मागे राहिले होते.

पुढची सभा गच्चीवर झाली. तात्या इस्पितळात. प्रधानांनी वकिली आवाजात विचारलं, वळणावर माणूस होता की नव्हता? मी पायांकडे बघितलं. तोंड उघडणारच होतो, असं मी पुढे कैक वेळा स्वतःला सांगितलं आहे. तेवढ्यात प्रधानांनी कागद काढला. तात्यांनी पडल्या पडल्या पेन्सिलीने लिहून पाठवलेली सभासद-वार्ता होती. "श्री. खानोलकर हे स्वतःच्या चुकीने मिठागराच्या रस्त्यास गेले. वळणावर श्री. लिमये नियमाप्रमाणे उभे होते. खानोलकर यांचे लक्ष नव्हते."

गच्चीवर सगळे हळहळले. वय झालं, नजर गेली असणार, असं कुणीसं म्हणालं. मग ठराव झाला की तात्यांना आता शेवटच्या जागेचा त्रास देऊ नये. आणि ती जागा, एकमताने, मला देण्यात आली. मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. पाय पट्ट्यांत टांगलेला. मी बराच वेळ मोसंबी सोलत बसलो. शेवटी म्हटलं, "तात्या, तुम्हांला रस्ता ठाऊक होता ना?"

"रस्तो ठावक होतो," ते म्हणाले. "पण तू थंय नव्हतंस."

त्यात राग नव्हता. लेथवर माप सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग खोटं का लिहिलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुका काढून टाकल्यानी असतो. माका कोण काढतलो?"

त्यांना काढलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. वार्तापत्रात वाचलं असेल त्यांनी. स्टेन्सिल मीच कोरलं.

दिवाळीच्या सुमाराला ते कुबडी घेऊन हिंडू लागले. चाळीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून उजवा पाय खाली दाबायचे, किक मारल्यासारखा. रोज चाळीस वेळा. गाडी व्हरांड्यात झाकून ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत बसाल. एकदा मी बाहेर पडताना त्यांची बायको माझ्या मागोमाग नळापर्यंत आली. वार्तापत्र तिने कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. पदराचं टोक हातात गुंडाळत तिने विचारलं, "खरा सांगा भावोजी, ह्यांची नजर अधू झाली काय? माका सांगणत नाय. तसा आसला तर मी ती गाडी घरात ठेवचंय नाय."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. नजर ठीक आहे, वहिनी; मी तिथे नव्हतो. आठ शब्दसुद्धा नाहीत. नळावर बायका होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "वय झालं आता त्यांचं. जपायला हवं."

आठवड्यात गाडी गेली. कुर्ल्याचा एक भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. तात्या म्हणे तेव्हा जिन्यावर पाय दाबत होते. त्यांनी वहिनींना खरं का सांगितलं नाही, तर सांगितलं असतं म्हणजे त्या घरात मला पुन्हा चहा मिळाला नसता. तेवढ्यासाठी. पायरीवरचा व्यायाम त्या दिवशी बंद झाला आणि मग पाय खरोखरच आखडला.

मी माझ्या गाडीला बाजूची पेटी, म्हणजे साइडकार, बसवून घेतली आणि त्यांना न्यायला गेलो. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, नटबोल्ट तपासले, एक सैल होता तो आवळला. "माका सामान करू नको रे," म्हणाले, आणि वर गेले.

त्यानंतर फेरीच्या रविवारी ते खिडकीत बसत. घोडबंदर रस्ता खालूनच जातो. एकेक गाडी गेली की त्यांचं एकेक बोट मिटे. शेवटी मी. मी हात वर करत असे. ते माझ्याकडे बघत, बोट मिटत, आणि मग माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहत, कुणीतरी यायचं राहिल्यासारखे. आरशात मला ते फार लांबपर्यंत दिसत.

दुसऱ्या श्रावणात कावीळ झाली आणि तात्या गेले. भिजकी फेरी रद्द झाली, ती पुढे कधी निघालीच नाही. स्मशानातून परतताना सगळे भराभर पुढे गेले. चितेपाशी कुणाची तरी टोपी राहिली होती. मी ती बघितली आणि उचलायची राहून गेली.

शोकसभा गच्चीवर. प्रधान बोलले, चित्रे बोलला, मग मला उभं केलं. मी ठरवूनच आलो होतो. सगळं सांगितलं. वळण सांगितलं, जाकीट सांगितलं, गॉगल सांगितला, डब्याचं झाकण सांगितलं, नळावरचं सांगितलं. पण मला दुसऱ्या कुठल्या रीतीने बोलताच येत नाही हो. मैदानात गोल फिरलो ते ज्या तोंडाने सांगितलं, म्हशीचं ज्या तोंडाने सांगितलं, तेच हे तोंड. चित्र्याची नक्कल आपोआप झाली. घरात गॉगल लावून बसण्यापाशी कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. जाकिटातल्या घामापाशी सगळी गच्ची हसत होती, डोळे पुसत होती, आणि मी मोठ्याने सांगत होतो की नाही हो, हे खरं आहे, खरंच मी तिथे नव्हतो, आणि त्याने ते जास्तच हसत होते.

प्रधान उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिमये, त्यांच्यासाठी स्वतःवर घेतोस, हे तुला शोभतं. पण त्यांचा शब्द आपण खोटा कसा पाडायचा?" त्यांनी फाइलीतून वार्तापत्र काढून वाचलं. वळणावर श्री. लिमये नियमाप्रमाणे उभे होते. अक्षर माझंच होतं. स्वच्छ, कुठेही खाडाखोड नाही.

 चहा आला. जड झालेलं वातावरण कुणालाच सोसेना, तेव्हा चित्रे माझ्याकडे वळून म्हणाला, "ते गॉगलचं पुन्हा सांग रे. तात्यांना फार आवडलं असतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं.