हिरडे आणि हिरड्या

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं कुणाविषयी लिहायला बसावं एवढी आपली तयारी आहे का, हे मला अजून कळत नाही. चुकलं तर वाचकांनी पोटात घालावं. पण आमच्या गावच्या नर्सबाईंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा पाहिला नसेल, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. त्या थेट तोंडात पाहत.

कुरुंद्याकडून त्यांची सायकल येताना दिसली की हळद वेचणाऱ्या बाया पिवळ्या हातांनी पदर तोंडावर ओढून घेत. परक्या माणसाला वाटे, केवढा हा मान. खरं म्हणजे प्रत्येकीच्या दातांवर मिश्री असे आणि बाईंच्या पिशवीत टॉर्च. गावातल्या माणसांना बाई नावानं नव्हे, दाढेनं ओळखत. मी बारावी पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "मार्क राहू दे. आ कर."

माझ्या अक्काचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच आलं आणि दोन दिवसांत गेलं. दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले, तेव्हा आईनं पाचव्या महिन्यातच तिला माहेरी आणलं. ती चूळ भरायची, तर पाणी लाल. आई म्हणायची, "लेकरामागं एक दात जातोच. त्याला काय करायचं?" हे बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी शेजारणीकडून निरोप धाडला, की सोमवारी हिरड्या बघायच्या आहेत. आईनं अक्काला आराम करायला घरी ठेवलं, वाण्याकडून पावशेर हिरडे घेतले आणि एकटीच उपकेंद्रात गेली.

बाईंनी आईच्या पिशवीत बराच वेळ पाहिलं. "मावशी, हे हिरडे घरी ठेवा अन् पोरीच्या हिरड्या घेऊन या."

"काहून? तोंड कुठं, पोट कुठं?"

"रगत तर एकच हाय ना? हिरड्या सुजल्या, पू झाला, तर लेकरू दिवस भरायच्या आधी येऊ शकतं. येईलच असं न्हाई. पण एक गेलंय ना तुमचं?"

आईनं पिशवी मिटली. मग हळूच म्हणाली, "दात जातोच म्हंत्यात."

"तुमाला लेकरं पाच. आ करा, मोजू."

आईनं तोंड मिटलं ते घरी येईपर्यंत उघडलं नाही. त्याच आठवड्यात बाई स्वतः अक्काला एसटीनं वसमतला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या आणि हिरड्या साफ करून आणल्या. मिश्रीचा डबा जप्त झाला. पुढं रोज सकाळी बाई आमच्या अंगणात उभ्या राहून अक्काला ब्रश करायला लावत. "बराबर घास. लेकराला घाई न्हाई, तुला काहून?" अक्काच्या आधी आईच हसायची, तीही पदराआडून.

मग मी परभणीला कॉलेजात गेलो. सातवा महिना गेला, आठवा गेला. वसतिगृहाच्या पत्त्यात चूक झाल्यानं आईनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं कार्ड तीन आठवडे फिरून माझ्या हाती आलं. अक्काला मुलगी झाली होती, पुरे दिवस भरून. हिरड्या साफ केल्यामुळंच टळलं की नशिबानं, हे सांगण्याएवढं माझं शिक्षण नाही. खाली दोन ओळी होत्या: बाईंची मागच्याच महिन्यात बदली झाली. त्यांना कळवायचं होतं, पण कोणत्या गावाला गेल्या, ते कुणी विचारूनच ठेवलं नाही.